मिरचीच्या हंगामातलं इंजिन

होळीच्या आसपास आमच्या गल्लीत आधी शिंका येतात आणि मग मिरची दिसते. टेम्पो कोपऱ्यावर वळायच्या आत समोरचा मेडिकलवाला नाकाला रुमाल लावतो. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. गच्चीवर उन्हं खाऊन पिशवीत कडकड वाजणारी. सोबत वेगळ्या डब्यात भाजलेले धने, खोबरं, तीळ. वर्षाची चटणी एकदाच करायची आणि बरणीत दाबून भरायची, ही आमच्याकडची रीत. कांडपाचा डंक, म्हणजे मोटरवर मिरची कुटायचं यंत्र, माझा आहे, सांगलीत, मार्केट यार्डाजवळ. पुढं डंक, मागं घर. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत मी शिंकत, खोकत, डोळे पुसत हा धंदा करते. डोळे पुसणाऱ्या बाईला इथं कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. ही या धंद्यातली सोय आहे.

यंदाही पट्टा बदलला, वरच्या दांड्याला वंगण दिलं, उखळं घासून घेतली. डंक सुरू केला आणि ठोके पडायला लागल्यावर माझी मान आपोआप मागच्या खोलीकडं वळली. मागच्या खोलीत आता पोती असतात.

तिथं पूर्वी रेल्वे होती.

आमच्या घरात नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. मीही ‘अहो’च म्हणायची. पण लिहिताना ‘हे’ आणि ‘ते’ करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून सरळ विलास लिहिते. विलास एका सहकारी संस्थेत कारकून होते. त्यांचे वडील रेल्वेत सांधेवाले, रुळांचे सांधे बदलणारे, त्यामुळं विलासचं बालपण कोरेगाव स्टेशनाशेजारच्या क्वार्टरमध्ये गेलं. तेव्हा तिथून मीटरगेजची गाडी जायची, कोळशाच्या इंजिनाची. विलास प्राथमिक शाळेत असतानाच रूळ रुंद झाले आणि ती इंजिनं गेली. “गाडी मोठी झाली आणि आमची गेली,” एवढंच ते त्याबद्दल म्हणायचे. बाकीचं सगळं त्यांनी मागच्या खोलीत बांधून ठेवलं होतं.

खोलीच्या तीन भिंतींना धरून कमरेच्या उंचीवर फळ्या, आणि फळ्यांवर कोरेगाव. फलाट, पाण्याचा खांब, मालधक्का, सांधेवाल्याची क्वार्टर, तिच्या दारात हरभऱ्याएवढा हंडा. जमीन चाळलेल्या मुरमाची. ऊस केरसुणीच्या काड्यांचा, हिरव्या रंगात बुडवलेला. बाभळी माझ्या दुकानातल्या मिरचीच्या देठांच्या. गिऱ्हाइकं देठ खुडून कोपऱ्यात टाकायची आणि विलास त्यातले वाकडे देठ वेचून न्यायचे. इंजिनातला कोळसा मात्र खरा, इस्त्रीवाल्याकडून आणून खलबत्त्यात कुटलेला. माझ्या चांगल्या खलबत्त्यात. त्यावरून आमचं वाजलं होतं.

छोटी मीटरगेज इंजिनं आपल्याकडं तयार मिळत नाहीत. विलास परदेशी, कुणीतरी वापरून टाकलेली इंजिनं मागवायचे. ती रुंद रुळाची. दोन चाकांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ते बारा करायचं. म्हणजे चाकं उपसून काढायची, आस कापून आखूड करायचा, पितळी पट्ट्यांचा नवा सांगाडा डाग देऊन जोडायचा, मोटर त्यात बसवायची, आणि परदेशी अंग उतरवून तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं देशी अंग वर चढवायचं. एका इंजिनाला वर्ष सहज जायचं.

“सगळं जग रूळ रुंद करतंय आणि तुम्ही अरुंद करत बसलाय,” मी म्हणायची.

“जगाला घाई आहे,” ते म्हणायचे. “मला कुठं आहे? तू जेवायला वाढतेस तेवढी एक घाई.”

मला या खेळाचं फार कौतुक नव्हतं, हे सांगून टाकते. मोठ्या माणसानं संध्याकाळभर भिंगातून पत्र्याकडं बघत बसावं, हे मला पटायचं नाही. पण दारू नव्हती, पत्ते नव्हते, कट्टा नव्हता. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. असेन.

मागच्या सालची नव्हे, त्याआधीची दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला वाकले ते आपल्या आपण उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. लोकांनी मात्र त्यांना बहिरं ठरवलं. भेटायला येणारा प्रत्येक जण वाकून, कानाशी ओरडून बोलायचा, आणि विलास डोळे मिटून घ्यायचे. तोंडातून एक घोगरा ‘आ’ यायचा. तो एकच ‘आ’ पाण्यालाही, वैतागालाही, नातेवाइकांनाही.

होळीच्या आधी आमचा मुलगा ओंकार पुण्याहून आला आणि ठरवून गेला. हंगाम संपला की डंक बंद करायचा, घराला कुलूप लावायचं आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडं जायचं. तिथं मोठं हॉस्पिटल जवळ, व्यायामाला माणूस घरी येणार. त्याचं बरोबर होतं. मी एकटी त्यांना उचलून उचलून वाकले होते. फक्त फ्लॅटच्या हॉलमध्ये विलासचा पलंग मावणार होता, कोरेगाव मावणार नव्हतं. ते मोडायचं, हे ओंकारनं त्यांच्या समोरच सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं.

विलासनी ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं चाकांची खुर्ची मागच्या खोलीत ढकलायची खूण केली. टेबलावर शेवटचं इंजिन उघडं पडलं होतं. सांगाडा झालेला, मोटर बसलेली, पत्र्याचं अंग बाजूला, आणि उपसलेली चाकं एका काडेपेटीत. त्यांनी काडेपेटी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं त्यांनी स्वतः मिटवली.

कोरेगाव मोडायच्या आधी हे इंजिन त्यावरून चाललं पाहिजे. एवढं मला लगेच कळलं. इतक्या महिन्यांत त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट होती जी पाणी, चादर किंवा भांडं नव्हती.

मला यंत्राचं भय नाही. डंकाचा पट्टा मी घालते, बेअरिंग मी बदलते, मोटरचा वास आला तर कुठली वायर तापली ते सांगू शकते. म्हटलं, काय असेल ते असेल, सहा चाकं तर बसवायची आहेत. दुपारी दुकानात जरा शांत असलं की मी मागं जायची. हात बेसन लावून धुवायचे, खोबरेल चोळायचं, तरी मिरची बोटातून जात नाही. एकदा त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मी टेबलाशी बसताना डाव्या खांद्यावर ओला पंचा ठेवायला लागले. ते शेजारी खुर्चीत. मी कुठलीही वस्तू उचलली की त्यांच्याकडं बघायचं. मान हलली तर बरोबर, डोळे मिटले तर चूक. त्यांचं भिंग माझ्या डोळ्याला लागायला बरेच दिवस गेले.

प्रत्येक चाकात मध्यापासून बाजूला एक बारीक खिळा असतो. दांडी त्या खिळ्यांना जोडते आणि एका बाजूची तिन्ही चाकं एकत्र फिरवते. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मी चाकं आसावर दाबून बसवली आणि दोन्ही बाजूंचे खिळे अगदी समोरासमोर घेतले. इकडचा वर, तर तिकडचाही वर. दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. कानातली असो, ब्लाउजच्या बाह्या असोत, उंबऱ्याच्या दोन टोकांची रांगोळी असो, आम्हाला लहानपणापासून दोन्ही बाजू सारख्या काढायला शिकवलेलं असतं. मी अभिमानानं ते इंजिन त्यांच्यापुढं धरलं.

विलासनी डोळे मिटले.

तरी मी रुळावर ठेवून करंट दिला. इंजिन हललं, चाक अर्ध्या फेऱ्यापर्यंत गेलं आणि कुणीतरी धरल्यासारखं थांबलं. मोटर कण्हायला लागली. बोटानं ढकललं की पुढं, पुन्हा अर्ध्यावर अडकलं. दांड्या काढल्या, घासल्या, भोकं मोठी केली, तेल दिलं. तेच.

विलास डावा हात वर करून एक खूण करायचे. अंगठा सरळ वर, पहिलं बोट आडवं. बाकीची मिटलेली. मला वाटलं, गुण्या मागतायत, सुतार काटकोन बघतात तो. पेटीतून काढून दिला. त्यांनी तो घेतला, टेबलावर आपटला आणि पुन्हा तीच खूण. मी गुण्या लावून आस सांगाड्याला काटकोनात आहेत का ते तपासलं. होते. व्हिडिओ कॉलवर ओंकारला दाखवलं. तो म्हणाला, “आई, ते इंग्रजी एल दाखवतायत. लेफ्ट म्हणत असतील.” मी डावी बाजू पुन्हा उपसून बसवली. समोरासमोरच. अडकलं. “नेटवर शोधतो,” म्हणाला, पण शोधायचं काय ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ज्याला माहीत होतं तो हात वर करून बसला होता.

एका दुपारी त्यांनी सुट्या भागांचं सगळं ताटच डाव्या हातानं ढकललं. चाकं फरशीवर पसरली. मी कपाटाखाली झोपून, काडीनं ओढून एकेक गोळा केलं आणि उठल्यावर माझ्या तोंडून गेलं, “मला येत नाही हो! मी मिरची कांडते, इंजिनं नाही!”

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्यायामाचं चेंडू दाबणंही नाही, पाय उचलणंही नाही. दवाखान्यातला व्यायाम शिकवणारा फिजिओ म्हणाला, ताई, यांनी असं सोडून दिलं तर अवघड आहे. मी म्हटलं, कळलंय मला.

त्यांना एकटं ठेवायचं नको म्हणून मग मी त्यांची खुर्ची दुकानाच्या मधल्या दारात आणून ठेवायला लागले, तोंडाला रुमाल बांधून. गिऱ्हाइकांत कवठ्याकडच्या सुसाबाई होत्या, दरवर्षी येणाऱ्या. पूर्वी मेंढरं घेऊन फिरायच्या, आता ठिबकवर डाळिंब आहे, जिभेला मात्र कुंपण नाही. विलासकडं बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “आवं दादा, चोरावानी फडकं बांधून कुनाच्या घरावर निघालाय?” भेटायला येणारे सगळे दबकून बोलायचे. ही बाई थट्टा करत होती. विलासच्या डोळ्यांच्या कडा हलल्या.

त्या दुपारी सुसाबाईंचीच मिरची उखळात होती. माझ्या डंकाला दोन मुसळं आहेत. वरच्या दांड्यावर दोन लोखंडी कान, एक कान एक मुसळ उचलतो तेव्हा दुसरं खाली पडतं. ठक, ठक. मध्येच ठोका बदलला. एका कानाचा बोल्ट ढिला होऊन तो सरकला होता. दोन्ही मुसळं एकदम वर, एकदम खाली. मोटर घरघरली, पट्टा घसरला. मी बटण बंद केलं.

“काय झालं वैनी? माजी मिरची अर्दवट ऱ्हाती का काय?”

“काही नाही. दोन्ही एकदम उचलली की मोटरला पेलत नाही. एक वर असलं की दुसरं खाली पाहिजे,” मी पाना शोधत म्हटलं.

दारातून ‘आ’ आला. इतका मोठा की सुसाबाई दचकल्या. विलास खुर्चीत पुढं झुकले होते. डावा हात मुसळांकडं, मग माझ्याकडं, मग मागच्या खोलीकडं, आणि पुन्हा मुसळांकडं.

“आवं बगा की, दादा काय म्हंत्यात!” सुसाबाई म्हणाल्या. “मिरची कुटं पळून जात न्हाई. जावा तुमी.”

मी बोल्टसुद्धा आवळला नाही. मागं गेले, एका बाजूची चाकं उपसली आणि माझ्या डंकासारखी उलटी बसवली. इकडचा खिळा वर, तिकडचा खाली. विलासची खुर्ची आत आणली, करंट दिला. इंजिन निघालं आणि अर्ध्या फेऱ्यावर अडकलं.

मी तिथंच स्टुलावर बसले. दुकानात सुसाबाई खोकत होत्या. रडू आलं असेल तर ते मिरचीच्या नावावर जमा करा. विलासनी माझ्या हातातून एक चाकजोडी घेतली, मांडीवर ठेवली आणि तीच खूण केली. अंगठा वर, बोट आडवं. पण या वेळी हात हवेत नव्हता. त्यांनी तो हात चाकाच्या तोंडावर टेकवला. अंगठा इकडच्या खिळ्याच्या दिशेला. मग आडव्या बोटाकडं डोळ्यांनी दाखवलं, आणि मग पलीकडच्या चाकाकडं.

इकडचा खिळा वर, तर तिकडचा आडवा. समोरासमोर नाही, उलटाही नाही. पाव फेरा मागं.

दांडी अगदी पुढं किंवा अगदी मागं, टोकाला गेली की तिला क्षणभर काहीच ढकलता येत नाही. दोन्ही बाजू एकदम टोकाला गेल्या की इंजिन मेलं. समोरासमोर बसवा नाहीतर उलटं बसवा, दोन्ही बाजू एकदमच टोकाला जातात. पाव फेऱ्याचा फरक असला की एक बाजू अडते तेव्हा दुसरी ऐन जोरात असते आणि तिला पुढं काढते. माझ्या डंकाला मुसळ उचलायचं असतं, फिरवायचं नसतं, म्हणून त्याला उलटं चालतं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्याजवळ होती फक्त दोन बोटं. आमच्या दोघांबद्दल यातून काही अर्थ काढायचा मोह होतो. मी काढत नाही. तो इंजिनाचा नियम आहे, संसाराचा नाही.

इंजिन चाललं. तिन्ही जोड्या नीट व्हायला आणखी काही दुपारी गेल्या, पण चाललं. करंटची कळ विलासनी स्वतः डाव्या हातानं फिरवली. ते इंजिनाकडं बघत नव्हते, चाकांकडं बघत होते, हनुवटी जवळजवळ टेबलाच्या कडेला टेकवून. फलाट, मालधक्का, वडिलांची क्वार्टर, देठांच्या बाभळी, पुन्हा फलाट. मोटर तापल्याचा वास येईपर्यंत त्यांनी ते फिरवलं. मग कळ बंद केली, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. तपासलेला पेपर परत द्यावा तशी. हसले नाहीत. मीही ‘बघा, केलं की नाही’ असं म्हटलं नाही. सुसाबाई चटणीचा डबा न्यायला आल्या तेव्हा मी सांगितलं, तर म्हणाल्या, “मंग? मुक्या जनावराचं कळतं, मानसाचं कळंना व्हय?”

पावसाच्या आधी मी कोरेगाव मोडलं. विलास पुढच्या खोलीत होते, पण उलथन्याचा आवाज सगळीकडं जातो. मुरूम परसात टाकला. उसाचं शेत केरात गेलं. फळ्या चांगल्या होत्या, पोती ठेवायला त्यांची मांडणी केली. शेवटचं इंजिन एका डब्यात कापसात गुंडाळून पुण्याला नेलं आणि ओंकारच्या टीव्हीखालच्या कपाटात काचेमागं ठेवलं.

पुण्यात त्यांनी नवी खूण सुरू केली. डावा तळहात उघडा, छातीपासून हळूहळू बाहेर, जणू टेबलावरचं काही सारतायत, आणि शेवटी मूठ मिटायची. दिवसातून कितीतरी वेळा. माझ्याकडंच बघून, इतर कुणाकडं नाही.

मला खात्री होती की अर्थ लागेल. इंजिनानं मला ती एक वाईट सवय लावली होती. माणसाच्या हाताला अर्थ असतो, तो शोधला की सापडतो, असं मला वाटायला लागलं होतं. पांघरूण काढून बघितलं, घालून बघितलं. खिडकी, पडदा, पंखा. इंजिन काढून हातात दिलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. रूळ आणून देऊ का विचारलं, डोळे मिटले. नातेवाइकांची नावं एकेक म्हणून दाखवली, गावांची म्हणून दाखवली. सांगलीला जायचंय? डोळे मिटले. कोरेगावला? मिटले. दुखतंय? मिटले. माझ्यावर रागावलाय? त्यावर ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, आणि मग डोळे मिटले.

“आई, दमलीस. सोड आता,” ओंकार म्हणायचा. मी सोडलं नाही. सोडलं त्यांनी. श्रावणात कधीतरी माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत हात हललेला नाही. पांघरुणावर नुसता पडलेला असतो. बोटं चांगली होती, ताकद होती, फिजिओ म्हणत होता डावी बाजू उत्तम आहे. हात थकला नव्हता. मी ओळखेन याची वाट बघणं त्यांनी थांबवलं होतं. गणपती बसायच्या आधी ते गेले.

मी सांगलीला परत आले आणि डंक उघडला. घरी बसून काय करणार होते? यंदा मिरची चांगली आहे, रंग गडद आहे, गिऱ्हाईक भरपूर. कधी कधी मुसळं चालू असताना माझा डावा हात आपोआप छातीपासून बाहेर जातो आणि मूठ मिटते. आतून केल्यावर तरी कळेल, असं वाटत असावं. परवा रांगेतल्या एका नव्या पोरसवदा बाईनं ते बघितलं आणि विचारलं, “काय पायजे, वैनी?”

मी तिची पिशवी घेतली.